आप्पांच्या हातात पेन्सिल देणाऱ्या लिफ्टवाल्या दादांना

दादा,

तुमचं नाव कुठे लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र मुद्दाम चारचौघांसमोर लिहितेय. खेडहून तुम्ही आमच्या हर्णैच्या घरी पहिल्यांदा आलात त्याला आता तीन महिने होतील, आणि अजूनही तो दिवस आठवला की माझा गळा दाटून येतो.

माझे वडील, आप्पा, ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गाव त्यांना गुरुजीच म्हणतं. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, चालणं गेलं, शब्द उशिरा येऊ लागले. समजतं मात्र सगळं. आमचं घर आजोबांनी बांधलेलं, चिऱ्याचं. खाली पडवी, ओटी, माजघर आणि वर माडी. माडीवर आप्पांचं टेबल, पुस्तकांचं कपाट आणि समुद्राकडची खिडकी. त्या खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसतो आणि संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव भरतो तोही दिसतो. मधे जिना, १४ पायऱ्यांचा, शिडीसारखा उभा. अडीच वर्षं आप्पा ओटीवरच्या खाटेवर पडून वरच्या तक्तपोशीकडे बघत राहिले. माडीवर कुणाची पावलं वाजली की एकच विचारायचे, "खिडकी... उघडलीस?"

तुमच्या आधी तिघेजण येऊन गेले. नावं घेत नाही, पण मनात राग आहे आणि तो लपवणार नाही. पहिल्याने माजघरात पाच फूट खोल पिट खणायचा म्हणून सांगितलं. आषाढात आमच्या खळ्यात उमाळे फुटतात, जमिनीतलं पाणी हातभर खाली येऊन थांबतं, त्या खड्ड्याची विहीर होईल, हे मी सांगत होते आणि तो फोनवर बोलत होता. वर उंची पुरत नाही म्हणून कौलाचं छप्पर कापायचीही त्याची तयारी होती. दुसऱ्याने काचेच्या गोल नळकांड्याचे फोटो दाखवले, हवेच्या दाबावर वर चढणारी लिफ्ट. दिसायला देखणी. ५० हजार आगाऊ घेतले, चार महिने फोन उचलला नाही, आणि शेवटी कळलं की आमच्या जागेत बसणाऱ्या मापात व्हीलचेअर जातच नाही. "आजोबांना धरून उभं करायचं थोडा वेळ," म्हणाला. जो माणूस उभा राहू शकत नाही त्याच्यासाठीच तर आम्ही लिफ्ट शोधत होतो! पैसे परत मिळवायला भावाला तीनदा मुंबईला जावं लागलं. तिसरा तर आप्पांच्या खाटेपाशी उभा राहून मला म्हणाला, "ताई, एवढा खर्च कशाला? यांना खालीच ठेवा ना." आप्पांनी त्या दिवशी दुपारचं पान तसंच बाजूला सारलं.

तिघांनीही आप्पांशी एक शब्द बोललेला नव्हता. मला विचारायचे, भावाला विचारायचे. ज्याला लिफ्टमध्ये बसायचं तो समोर आहे, ऐकतोय, त्याला नुसतं "आजोबा, बरं आहे ना?" एवढंही नाही.

आणि मग तुम्ही आलात. चप्पल पायरीपाशी काढलीत. मी चहाचं विचारलं तर "आधी गुरुजींना भेटतो" म्हणालात आणि खाटेशेजारी जमिनीवर मांडी घातलीत. "गुरुजी, हात कुठला चालतो?" एवढाच प्रश्न. आप्पांना उत्तर द्यायला वेळ लागला. मी सवयीने मधे बोलणार होते. तुम्ही माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलंत आणि वाट पाहिलीत. आप्पा म्हणाले, "डावा."

मग तुम्ही त्यांना समजावून सांगितलंत, मला नाही. स्क्रूवर चढणारी लिफ्ट घेऊ. मोठा खड्डा लागत नाही, दोन इंच पुरतात. घरच्या सिंगल फेजवर चालते. स्वतःचा लोखंडी सांगाडा घेऊनच येते, त्यामुळे भार चिऱ्याच्या भिंतीवर येत नाही, कारण चिरा मऊ, त्यात बोल्ट धरत नाहीत. चाल हळू, १० फुटांना साधारण २० सेकंद. आणि एक गोष्ट तुम्ही दोनदा सांगितलीत: हिचं बटण दाबून सोडायचं नसतं. वर पोचेपर्यंत दाबून धरायचं. बोट सुटलं की लिफ्ट जागीच थांबते.

म्हणजे त्या बटणाची जागा हाच सगळा प्रश्न होता. आप्पांना उजवीकडे बटण दिलं असतं किंवा चार बोटं वर दिलं असतं, तर २० सेकंद हात धरवला नसता आणि आयुष्यभर कुणीतरी सोबत लागलं असतं. हे आधीच्या तिघांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग तुम्ही माजघराच्या फरशीवर खडूने साडेतीन बाय साडेचार फुटांचा चौकोन काढलात, आप्पांची व्हीलचेअर त्यात नेऊन उभी केलीत, डावी बाजू भिंतीला लागेल अशी. खिशातून पेन्सिल काढलीत, ती चपटी लाल, सुतार वापरतात तसली. मला वाटलं, आता हे माप घेणार. तुम्ही ती आप्पांच्या डाव्या हातात दिलीत. "गुरुजी, हात जिथे आपसूक जातो तिथे खूण करा. घाई नाही."

वारं गेल्यापासून आप्पांनी पेन्सिल हातात धरली नव्हती. डॉक्टरांनी डाव्या हाताने लिहायला सांगितलं होतं, पण ज्या माणसाने हजारो पोरांचं अक्षर वळवलं त्याला स्वतःचं वेडंवाकडं अक्षर बघवत नव्हतं. मी वही पुढे केली की तोंड फिरवायचे. त्या दिवशी त्यांनी हात उचलला. हात थरथरला, थांबला, पुन्हा वर गेला. चुन्याच्या भिंतीवर त्यांनी एक फुली काढली. वाकडी, एक पाय लांब, एक आखूड. तुम्ही टेप लावलीत, "३३ इंच," म्हणालात, आणि वहीत लिहिलंत. शाबासकी नाही, "अरे वा, जमलं की" नाही. मिस्त्रीने केलेली खूण टिपून घ्यावी तशी टिपलीत. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी शब्दांत मांडू शकत नाही.

बाकी कामाचं काय सांगू? माडीची मुख्य तुळई न कापता दोन वाशांमधून तक्तपोशी उघडायला तुम्ही आमच्याच आळीतल्या सुतारकाकांना सोबत घेतलंत. खाऱ्या हवेत आमच्या खिडकीचे गज दोन वर्षांत पापुद्रे सोडतात, म्हणून सांगाडा गॅल्वनाइझ केलेलाच घेतलात आणि नटबोल्ट ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या हवेत लवकर गंजणारं ३०४ नंबरचं स्वस्त पडलं असतं, मला फरकही कळला नसता. परवान्याची कागदपत्रं, तपासण्या, ते सगळं इथे लिहीत बसत नाही.

एक मात्र लिहायला हवं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा कौलं उडाली आणि नंतर कितीतरी दिवस गावात वीज नव्हती. आप्पा मधेच अडकले तर, ही भीती मी बोलून दाखवली नव्हती. तुम्ही ती ओळखलीत. शेवटच्या दिवशी मला एकटीला आत बसवलंत, अर्ध्यावर मेन स्विच बंद केलात आणि बाहेरून म्हणालात, "ताई, आता बॅटरीवर तुम्हीच खाली या." मी आले. त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी गाढ झोपले.

दादा, आपल्याकडे दयाळू माणसं खूप आहेत. वारं गेल्यावर किती जण आले, हळहळले, फळं ठेवून गेले. त्यांचेही उपकार आहेतच. पण म्हातारं माणूस आजारी पडलं की आपण सगळे त्याच्या वतीने बोलायला लागतो. मीसुद्धा लागले होते. तुम्ही आप्पांना गिऱ्हाईक मानलंत, त्यांचं मत विचारलंत आणि उत्तर येईपर्यंत थांबलात. सभ्यपणा म्हणतात तो मला त्या थांबण्यात दिसला.

पहिल्या दिवशी आप्पा एकटेच वर गेले. मी जिन्याने धावत गेले, तरी ते माझ्या आधी नव्हे, माझ्याबरोबरच पोचले. खिडकी त्यांनीच ढकलली, डाव्या हाताने. बंदरावर लिलाव चालू होता. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "होड्या... वाढल्यात."

परवा रंगारी आला होता. माजघराची ती भिंत, बटणाच्या बाजूची, त्याने घासायला घेतली तर आप्पांनी खाटेवरून आवाज दिला. फुली तशीच आहे, तिच्याभोवती रंग दिलाय.

चैत्रात सर्व्हिसिंगला याल तेव्हा सकाळीच या आणि जेवूनच जायचं. पान वर माडीवर, खिडकीपाशी वाढायचं, असं आप्पांनी सांगितलंय. हा शेवटचा निरोप त्यांनी वहीत स्वतः लिहून दिला, तो इथे उतरवून घेतलाय: "दादा, या. पेन्सिल परत न्यायची राहिली आहे."

तुमची,
गुरुजींची मुलगी
हर्णै