दीडशे पीएसआयच्या नादी लागू नका

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॅम्परव्हॅनवर लेख आला होता, गाडीत काय काय सामान ठेवायचं त्याची यादी होती, छान होती, गॅस शेगडीबद्दल लिहिलेलं तर कापून ठेवलंय. पण त्यात टायरच्या हवेबद्दल एकच ओळ होती की "१५० पीएसआयचा कोणताही पोर्टेबल कंप्रेसर चालेल" (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप, कंप्रेसर म्हणजे टायरमध्ये हवा भरायचं मशीन). नाही चालत हो! याच ओळीवर विश्वास ठेवून मी पहिला कंप्रेसर घेतला होता (म्हणजे तुमच्या ओळीवर नाही, तशीच एक ओळ खोक्यावर छापलेली होती) आणि त्यापायी साडेआठशे रुपयांची सुरमई फेकून द्यावी लागली, ते सांगायलाच हे पत्र.

मी रिटायर झाल्यावर आम्ही दोघांनी एक जुनी डिझेल व्हॅन घेऊन त्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टचा छोटा फ्रिज बसवून घेतला. २०२१ मध्ये सरकारनं कॅरव्हॅन टुरिझमचं धोरण आणलं तेव्हापासून डोक्यात किडा होता. तर झालं असं, हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात सुरमई घेतली, कापून डब्यात भरून फ्रिजला लावली आणि गाडीकडे आलो तर मागचं डावं टायर बसलेलं. आमच्या टायरला ५५ लागते, मोजली तर ३८. म्हटलं आता आपला कंप्रेसर आहे ना, कशाला घाबरायचं. लायटरच्या सॉकेटला पिन लावली, पाच-सहा मिनिटं घरघरला आणि गप्प. डिस्प्ले पण गेला. मला वाटलं गरम होऊन बंद पडला असेल. शेवटी एका पंक्चरवाल्या पोरानं टोचा घालून रबराची पट्टी मारून दिली, हवा पण त्यानंच भरली आणि आम्ही झोपलो. सकाळी दाभोळच्या जेटीवर फेरीबोटीच्या लायनीत उभे असताना बायकोनं चहाच्या दुधासाठी फ्रिज उघडला आणि तसाच धाडकन बंद केला. गाडीची सगळी दारं उघडी टाकून आम्ही धोपाव्याला उतरलो, मागच्या गाडीवाल्यांचे चेहरे अजून आठवतात.

कंप्रेसर बिघडलाच नव्हता. गाडी बनवणाऱ्यानं फ्रिज आणि सॉकेट एकाच १५ अँपिअरच्या (अँपिअर म्हणजे किती करंट ओढला जातो त्याचं माप) फ्यूजवर टाकलेलं. फ्रिज चार-पाच खातो, हवेचा दाब वाढला की कंप्रेसर दहा-अकरा ओढतो, झाली बेरीज, फ्यूज उडाला आणि त्याच्याबरोबर फ्रिजही रात्रभर बंद. फ्यूज दहा रुपयाचा.

म्हणून पहिली गोष्ट खोक्यावर अँपिअर किती ते बघा. सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते १५ चा असतो, म्हणजे हिशोबानं १२० ते १८० वॉटच्या वर काही चालवायचं नाही. त्याहून दमदार मशीनला चिमटे असतात, ते थेट बॅटरीला लावायचे आणि इंजिन चालू ठेवायचं. लोक विचारतात बॅटरी उतरणार नाही का. अहो १२० वॉटचा वीस मिनिटं चालवला तर जेमतेम साडेतीन अँपिअर-तास जातात, शंभरच्या बॅटरीला त्याचं काहीच नाही. एकदम जो करंट ओढला जातो त्याचा त्रास, वायर बारीक असेल तर मशीनपर्यंत व्होल्टेज पोचतच नाही आणि तो नुसता कण्हत बसतो.

आता ते १५० पीएसआय. आपल्याला ३२, ४०, फार तर ६० लागणार, मग दीडशेचं करायचं काय? तो आकडा म्हणजे मशीन शेवटी कुठवर ढकलू शकतं एवढंच, किती वेळात ढकलेल ते नाही. विचारायचं असतं ते मिनिटाला किती लिटर हवा, आणि सलग किती मिनिटं चालवता येतो. आमच्या टायरच्या पोटात अंदाजे ५० लिटर जागा आहे, ३५ वरून ५५ करायचे तर साधारण ७० लिटर बाहेरची हवा आत कोंबावी लागते, चार टायरचे २८० झाले. खोक्यावर ३५ लिटर लिहिलेलं असलं तरी ते मोकळ्या नळीचं, टायरच्या दाबासमोर त्याचं निम्मं धरा. म्हणजे टायरला चार मिनिटं. आमचा पहिला पठ्ठ्या जेमतेम आठ-नऊ देत असणार, म्हणजे टायरला आठ मिनिटं, आणि वर सूचना की दहा मिनिटं चालवून वीस मिनिटं थंड होऊ द्या! चार टायर होईपर्यंत दीड तास. स्कूटरला ठीक आहे, भरलेल्या व्हॅनला नाही. आणि आपली व्हॅन भरलेलीच असते, ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो तिथेच झाले, त्यामुळे दाराच्या खांबावरचा हवेच्या दाबाचा स्टिकर बघून फुल लोडचा आकडा असेल तोच धरायचा.

चार्जिंगवाले बिनवायरीचे पण आलेत, माझ्या जावयाकडे आहे, दिसायला गोंडस, सायकल आणि छोट्या कारला उत्तम. पण गाडीत महिनोन् महिने पडून असतो आणि नेमका लागेल तेव्हा चार्ज नाही, शिवाय सोलापूरच्या मे महिन्यात बंद गाडीत लिथियम बॅटरी ठेवायची मला तरी हिंमत होत नाही.

नळीची लांबी कोणी बघतच नाही. डॅशबोर्डपासून मागच्या चाकापर्यंत वायर आणि नळी मिळून पोचतेय का ते दुकानातच मोजा. मी आता चिमट्याचा घेतलाय, पाच मीटरची नळी आहे, आणि मागच्या दाराशी जाड वायर ओढून वेगळा ३० अँपिअरचा फ्यूज टाकून अँडरसन प्लग (जास्त करंटसाठीचा जोड) बसवलाय. नळीचं तोंड आट्यांचं नको, खटका दाबायचं घ्या, आटे सोडताना फुस्स करून थोडी हवा जाते आणि पितळ इतकं तापलेलं असतं की बोटं भाजतात. मशीन चालू असताना काटा जास्त दाखवतो, बंद करून वाचायचं, आणि जवळ दाब मोजायचं वेगळं गेज ठेवायचं.

मागच्या वर्षी लेहला गेलो तेव्हा एक गंमत कळली. पुणे ५६० मीटरवर, लेह साडेतीन हजार, बाहेरचा दाब कमी म्हणून गेजवर हवा चार-साडेचारनं जास्त दिसते, पण पहाटेच्या थंडीनं ती उलटी सहा-सात कमी होते. मी आधी जास्तीची हवा काढून टाकणार होतो, बरं झालं बायकोनं सकाळपर्यंत थांबायला लावलं. तिथे हवाच विरळ म्हणून मशीनला वेळही दीडपट लागतो.

हवेची गादी मात्र याने फुगवू नका, बराच वेळ घरघर ऐकून शेजारच्या तंबूतली माणसं भांडायला येतील. त्याला पंख्यावाला पंप वेगळा मिळतो.

कोणी म्हणेल पेट्रोल पंपावर फुकट हवा असते की. असते, द्यायलाच लागते. पण आडवाटेला "कंप्रेसर बंद आहे काका" हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि जिथे चालू असतं तिथला पोरगा न विचारता सगळ्यांना ३५ मारतो. शिवाय पंपापर्यंत जाईतो टायर तापलेलं, रीडिंग चुकीचं. हवा सकाळी, गाडी हलायच्या आधीच बघायची असते.

पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा पीएसआयच्या जागी लिटर, मिनिटं आणि अँपिअर एवढे तीन शब्द टाका ही विनंती. हर्णैची सुरमई परत घेतली बरं का, या खेपेला तिथेच तळून खाल्ली.

आपला नियमित वाचक,
एक रिटायर व्हॅनवाला, कोथरूड, पुणे