सुवाळीच्या लढाईचे हुकलेले दहा दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुरतेजवळ इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात झालेल्या सुवाळीच्या लढाईवर आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्याचा प्रमुख कॅप्टन थॉमस बेस्ट याच्यावर आलेला लेख वाचला. तापीच्या मुखाशी चारशे वर्षांपूर्वी काय घडले हे तापीकाठच्या वाचकाला सांगावे, ही कल्पना चांगलीच आहे. पण लेखकाने बेस्टच्या रोजनिशीतले उतारे आजच्या डायरीसारखे वाचले आणि तिथेच घोळ झाला. जहाजाच्या रोजनिशीचे पंचांग वेगळे, मापे वेगळी आणि शब्दांचे अर्थही वेगळे. ते सांभाळले नाहीत तर एकेक वाक्य बरोबर असूनही सगळी हकिकत चुकते.

पहिली चूक वर्षाची. बेस्ट १ फेब्रुवारी १६११ रोजी लंडनजवळच्या ग्रेव्हसेंडहून निघाला, सप्टेंबर १६१२ मध्ये सुरतेच्या किनाऱ्याला लागला आणि प्रवासाला एकोणीस महिने लागले, असे लेखात आहे. लागले सात. त्या काळी इंग्रजांचे कागदोपत्री वर्ष २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले चोवीस दिवस मागच्याच वर्षात मोडत. मूळ पानावर फेब्रुवारी १६११ असेल, तर आपण १६१२ वाचायचे. नंदुरबारच्या वाचकाला यात नवल वाटायला नको. इथल्या गुजराती पेढीवर वही बदलते दिवाळीच्या पाडव्याला आणि शेजारच्या घरात संवत्सर बदलते गुढीपाडव्याला. गल्ली एकच, वर्षे दोन. हीच चूक लेखाच्या शेवटी उलट्या बाजूने आली आहे. सुरतेच्या व्यापाराचे बादशाही फर्मान इंग्रजांच्या हाती पडले ते जानेवारी १६१३ मध्ये. लेखात जानेवारी १६१२ छापले आहे, म्हणजे फर्मान लढाईच्या दहा महिने आधीच मिळाले! मग लढाई कशासाठी झाली, हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता.

दुसरी चूक दिवसाची, आणि ती जास्त महाग पडणारी आहे. लढाई २९ आणि ३० नोव्हेंबर १६१२ ला झाली, हे इंग्रजी रोजनिश्यांप्रमाणे बरोबर. पण इंग्लंड तेव्हा जुने ज्युलियन पंचांग पाळत होते आणि पोर्तुगालने १५८२ मध्येच नवे ग्रेगोरियन पंचांग घेतले होते. दोघांत दहा दिवसांचा फरक. बेस्टच्या ड्रॅगन जहाजावर २९ नोव्हेंबर होती, तेव्हा समोरच्या पोर्तुगीज जहाजावर ९ डिसेंबर होती. लेखकाने पोर्तुगीज बाजूची डिसेंबरातली तारीख पाहिली आणि ‘दहा दिवसांनी पुन्हा चकमक उडाली’ असे लिहून टाकले. एका लढाईच्या दोन लढाया झाल्या. (बेस्टची पुढची झुंज खरोखर झाली, पण ती डिसेंबरच्या उत्तरार्धात, काठेवाडच्या किनाऱ्याकडे.)

हा नुसता तारखेचा कीस नाही. सुवाळीची लढाई भरती-ओहोटीवर लढली गेली. तापीच्या मुखाशी गाळाचा दांडा आहे. मोठे जहाज त्यावरून आत जात नाही. म्हणून युरोपची जहाजे उत्तरेला सुवाळीच्या किनाऱ्यालगत, समुद्रातला वाळूचा पट्टा आणि किनारा यांच्यामधल्या खोलगट पाण्यात नांगर टाकत. ती जागा इंग्रजांना कंपनीच्याच हेन्री मिडलटनच्या सफरीत, १६११ मध्ये सापडली. खंबायतच्या आखातात उधाणाची भरती पाच-सहा मीटर, काही ठिकाणी त्याहूनही जास्त चढते आणि तेवढीच उतरते. ३० तारखेच्या सकाळी चारपैकी तीन पोर्तुगीज जहाजे वाळूवर बसली आणि भरतीचे पाणी आल्यावर, वल्ह्यांच्या होड्यांनी ओढून काढल्यावर सुटली. होझियांडर हे बेस्टचे लहान जहाज. त्याला पाणी कमी लागे, म्हणून ते रुतलेल्या जहाजांभोवती फिरून मारा करू शकले.

आता गणित करून पाहा. ३० नोव्हेंबर ही तारीख आजच्या पंचांगातली धरली तर त्या दिवशी शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा चंद्र येतो. म्हणजे भांग, पाण्याची चढउतार सर्वांत कमी. दहा दिवस मिळवून १० डिसेंबर धरली तर मार्गशीर्षी पौर्णिमा होऊन एक-दोन दिवस झालेले असतात, म्हणजे ऐन उधाण. भरती-ओहोटीने तीन मोठी जहाजे बसवायची आणि पुन्हा तरंगवायची हे काम कोणत्या पाण्याचे, ते कोकणातला कोणीही तांडेल सांगेल. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी पाणी रोज थोडे कमी चढू लागते. भरतीच्या टोकाला जहाज बसले तर ते पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे पंधरवडाभर तिथेच. उतरत्या पाण्यात बसले तर पुढच्या भरतीला सुटते. पोर्तुगीज सुटले ते या हिशेबाने. लेखकाने मात्र ‘सौम्य भरती असूनही जहाजे रुतली, यावरून पोर्तुगीज खलाशांचे अज्ञान दिसते’ असा शेरा मारला आहे. तो अन्यायाचा आहे.

तिसरा घोटाळा शब्दांचा. ‘पोर्तुगीज ॲडमिरल वाळूत रुतून बसला’ हे वाक्य वाचून हसू आले. त्या काळच्या रोजनिशीत ॲडमिरल म्हणजे बहुतेक वेळा माणूस नव्हे, ताफ्यातले मुख्य जहाज. व्हाइस ॲडमिरल म्हणजे दुसऱ्या मानाचे. रुतते ते जहाज. कंपनीच्या ताफ्याच्या प्रमुखाला, म्हणजे बेस्टला, त्याची माणसे जनरल म्हणत. तसेच फ्रिगेट. रोजनिशीत पोर्तुगीजांच्या चार मोठ्या जहाजांबरोबर पंचवीस-सव्वीस फ्रिगेट आहेत. लेखात त्यांच्या ‘सव्वीस युद्धनौका’ झाल्या. पुढच्या शतकातले तोफांनी भरलेले फ्रिगेट वेगळे. इथे आहेत त्या उथळ पाण्यात फिरणाऱ्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या. माणसे चढवायला, निरोप न्यायला आणि रुतलेले जहाज ओढायला त्या उपयोगी. ड्रॅगनसारख्या सहाशे टनी जहाजाशी तोफांनी भांडायला नव्हेत. इंग्रजांची जहाजेही चार नव्हती. इंग्लंडहून चार जहाजे बरोबर निघाली, पण जेम्स आणि सॉलोमन ही कंपनीच्या वेगळ्या सफरींची होती. सुवाळीला बेस्टकडे होती दोनच, ड्रॅगन आणि होझियांडर.

अंतराचे माप ‘कोस’ असे भाषांतरित केले आहे, तेही काढावे. रोजनिशीतला लीग म्हणजे तीन सागरी मैल, अक्षांशाच्या एका अंशाला वीस; आजच्या हिशेबाने साडेपाच किलोमीटर. आपला कोस तीन किलोमीटरच्या आसपास, तोही मुलखामुलखाला बदलणारा. इंग्रजांना कोस माहीत नव्हता असेही नाही. मोगल दरबारी आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो जहाजातून उतरून खानदेशात शिरला की मुक्कामाची अंतरे कोसातच लिहितो. एकाच काळच्या कागदांत समुद्रावर लीग आणि जमिनीवर कोस येतात, ते तसेच ठेवले तर वाचकाला कळते की माणूस आता पाण्यावर आहे की बैलगाड्यांच्या वाटेवर.

‘ताशी सहा नॉट’ हेही चूक. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, त्यात तास आलाच. हा शब्द गाठीवरून आला आणि जहाजाच्या नोंदवहीला म्हणतात तो लॉग हा शब्द वेग मोजायच्या लाकडाच्या ओंडक्यावरून. जहाजाच्या मागे दोराला बांधलेली फळी टाकायची. फळी पाण्यात जागच्या जागी राहते, जहाज पुढे जाते, दोर सुटत जातो. दोराला ठरावीक अंतरावर गाठी. अर्ध्या मिनिटाचे वाळूचे घड्याळ रिते होईपर्यंत जितक्या गाठी हातातून गेल्या, तितका वेग. सुरुवातीला गाठींमधले अंतर सात वाव, म्हणजे बेचाळीस फूट ठेवत, कारण मैल पाच हजार फुटांचा धरलेला होता. रिचर्ड नॉरवुड याने लंडन ते यॉर्क अंतर मोजून १६३७ मध्ये दाखवले की अंशाचा साठावा भाग जवळजवळ सहा हजार एकशे वीस फुटांचा आहे; म्हणजे गाठ एक्कावन्न फुटांवर हवी. जुन्या दोराने १२० मैल नोंदले तर खरे ९९च्या घरात. खलाशांनी दोर लगेच बदलला नाही, आणि त्यामागे हिशेब होता. नोंदीपेक्षा जमीन उशिरा लागली तर कंटाळा येतो. नोंदीआधी लागली तर जहाज फुटते. शिवाय घड्याळातली वाळू दमट हवेत अडखळते, दोर भिजला की त्याची लांबी बदलते, आणि वाऱ्याने जहाज बाजूला घसरते ते फळीला कळत नाही. म्हणून लॉगमधला आकडा हा अंदाज आहे, असे धरूनच नकाशावर रेघ ओढायची.

किनाऱ्याजवळ मात्र आकडे पक्के होतात. तिथे काम पाण्याची खोली मोजणाऱ्या, दोराला बांधलेल्या शिशाच्या गोळ्याचे. गोळ्याच्या बुडाशी खळगा, त्यात चरबी भरायची. तळाला टेकला की वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येतो. दोन आणि तीन वावांवर दोराला काळे चामडे, पाचवर पांढरे कापड, सातवर तांबडे. अंधारातही दोर हाताला लागताच किती पाणी ते कळावे म्हणून वेगवेगळ्या खुणा. रोजनिशीत ‘नऊ वाव, चिखल’ असे येते तेव्हा तो कंटाळवाणा तपशील समजून गाळू नये. सुरतेच्या दांड्याबाहेर जहाज नेमके कुठे होते हे अशाच नोंदींवरून ठरते. लेखात नेमक्या याच ओळी गाळून तिथे टिंबे दिली आहेत.

अक्षांशाबद्दल एक गोष्ट खानदेशच्या वाचकाला घरच्या अंगणातून पाहता येईल. नंदुरबार आणि सुवाळी जवळजवळ एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या थोडे वर. ध्रुवतारा दोन्हीकडे क्षितिजापासून तेवढाच वर. पण बेस्टच्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून जवळजवळ तीन अंश दूर होता. आज एक अंशही नाही. तेव्हा शेजारच्या ताऱ्यांची जागा पाहून मापातून वजाबाकी-मिळवणी करावी लागे. ती उलटी झाली की जहाज कागदावर थेट दीवकडे किंवा वसईकडे सरकते.

बेस्टची कारकीर्द लेखात लढाईपाशीच संपते. लढाईनंतर तो सुमात्राच्या आचे राज्यात गेला, तिथल्या सुलतानाकडून सवलती मिळवल्या आणि १६१४ मध्ये इंग्लंडला परतला. पुढे त्याने राजाच्या आरमारात जहाजे चालवली आणि वाटाड्यांचे काम पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या लंडनच्या संस्थेचा तो प्रमुख झाला. तेव्हा १६१२ मध्ये त्याला ‘ब्रिटिश नौदल अधिकारी’ म्हणणे दोन्ही शब्दांनी चूक: तो कंपनीचा चाकर होता, आणि ‘ब्रिटिश’ राज्य १७०७ नंतरचे.

रोजनिशी एकट्या बेस्टचीच उरली असाही समज लेखातून होतो. सफरीवरून परतल्यावर रोजनिशी जमा करायची, असा कंपनीचा दंडक होता. म्हणून या सफरीचे एकापेक्षा जास्त कागद टिकले. होझियांडरचा शल्यवैद्य राल्फ स्टँडिश याने ठेवलेली रोजनिशी त्याच जहाजावरच्या राल्फ क्रॉफ्टने पुढे चालवली. पाद्री पॅट्रिक कोपलँड आणि व्यापारी निकोलस विथिंग्टन यांच्याही हकिकती आहेत. १६२५ मध्ये प्रवासवर्णनांचा संपादक सॅम्युअल पर्चस याने त्यातल्या काही छापल्या, पण कापूनकुपून. आपल्या लेखातले उतारे त्या कापलेल्या पाठाचे दिसतात. कंपनीच्या सफरींच्या रोजनिश्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. राजाच्या आरमारातल्या कप्तानांचे लॉग लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात १६६९ पासूनचे मिळतात. ते वाचताना आणखी एक खाच: त्यांत दिवस दुपारी बारापासून दुपारी बारापर्यंत. शनिवारी संध्याकाळी घडलेले रविवारच्या नावावर लागते. हा नियम आरमाराने १८०५ मध्ये सोडला. बेस्टच्या काळी ही पद्धत सरसकट नव्हती, म्हणून पान पाहूनच ठरवावे लागते.

शेवटी खानदेश. लेखात तो एका वाक्यात येतो, ‘मागील प्रदेश’ म्हणून. हा प्रदेश म्हणजे सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, बऱ्हाणपूर अशी मोगली वाट. कंपनीचा व्यापारी विल्यम फिंच १६१० मध्ये याच वाटेने गेला. रो १६१५ च्या ३० ऑक्टोबरला सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपूरला पोचला (जुन्या पंचांगाप्रमाणे, आजच्या हिशेबाने ९ आणि २४ नोव्हेंबर, म्हणजे पाऊस संपून वाटा सुकल्यावर). जहाजांचे वेळापत्रक आणि गाड्यांचे वेळापत्रक एकाच पावसाने बांधलेले होते: सप्टेंबरात जहाज लागते, दिवाळीनंतर गाड्या हलतात. बेस्टने सुवाळीला नोव्हेंबरअखेरपर्यंत मुक्काम का ठेवला, याचे निम्मे उत्तर तिथेच आहे.

पुढच्या भागात कंपनीच्याच निकोलस डाउंटन या कप्तानाच्या लढाईवर लिहिणार असल्याचे लेखकाने म्हटले आहे. ती जानेवारी-फेब्रुवारी १६१५ ची. समोर पोर्तुगीज व्हाइसरॉय जेरोनिमो दि अझेवेदो स्वतः होता. मूळ पानावर वर्ष १६१४ दिसेल. छापताना दोन्ही तारखा शेजारी-शेजारी द्याव्यात, आणि वावांचे आकडे गाळू नयेत.

आपले,
दोन वाचक, नंदुरबार