घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आईच्या किंवा वडिलांच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघतो, पाठोपाठ स्कॅनमध्ये आजार पसरल्याचं दिसतं, आणि घरातली सगळी माणसं एकदम धावायला लागतात. कुठे धावायचं ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं. एक जण रात्रभर मोबाइलवर वाचत बसतो, दुसरा ओळखीतल्या डॉक्टरांना फोन लावत सुटतो, तिसरी देवासमोर बसते ती उठतच नाही. आजाराचा त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह केअर घेऊन तुम्ही अशा घरांच्या उंबरठ्यावर रोज उभ्या राहता. हे पत्र त्या घरांतल्या माणसांकडून. आभार कशाकशाचे ते नीट सांगूनच मानावेत असं वाटलं, म्हणून लांबलं आहे.

पहिले आभार वहीचे. तुम्ही आल्या आल्या साधी रेघांची वही मागता. डाव्या पानावर औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि कुणी दिलं त्याची सही. उजव्या पानावर ताप, शून्य ते दहापैकी दुखणं किती, उलट्या किती वेळा, शौचाला झाली का, झोप किती तास. पहिल्या दिवशी हे कारकुनी वाटतं. पण डॉक्टर जेव्हा विचारतात, ‘हे केव्हापासून दुखतंय?’ तेव्हा घरातल्या तिघांची तीन उत्तरं असतात आणि खरं फक्त वहीला माहीत असतं. सहीचा रकाना तर त्याहून मोलाचा. ‘मी दिली नाही, मला वाटलं तू दिलीस’ आणि ‘तूही दिलीस? मी आत्ताच दिली’ ही दोन्ही वाक्यं त्या घरातून हद्दपार होतात.

डॉक्टरांच्या खोलीत दोघांनी जायचं, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं फक्त लिहायचं, हेही तुमचंच. कॅन्सर हा शब्द कानावर पडला की पुढचं ऐकलेलं डोक्यात राहत नाही. प्रश्न घरूनच लिहून न्यायचे आणि सगळ्यांत महत्त्वाचे तीन वर ठेवायचे. या उपचाराचा हेतू आजार बरा करणं आहे, तो रोखून धरणं आहे की त्रास कमी करणं? पहिल्या तीनांत हा प्रश्न हवाच, असा तुमचा आग्रह असतो. बहुतेक घरं हाच प्रश्न विचारायला सर्वांत उशीर करतात.

दाराशी तुम्हाला थांबवून कुणीतरी कुजबुजतं, ‘बाबांना काही सांगितलेलं नाही हं.’ तुम्ही त्यावर रागावत नाही. उलट विचारता, ‘त्यांना किती कळलंय असं तुम्हाला वाटतं?’ मग आत जाऊन त्यांच्या शेजारी बसता आणि तेच वेगळ्या शब्दांत त्यांनाही विचारता. ‘तुमच्या आजाराबद्दल सगळं जाणून घ्यायला आवडेल, की मुलांशी बोलू?’ बरेचदा उत्तर येतं की मला सगळं कळलंय, फक्त मुलांना सांगू नका, ती खचतील. दोन्हीकडून मायेनं लपवलेलं असतं, आणि त्यापायी भरल्या घरात ते माणूस एकटं पडलेलं असतं. ज्यांना खरंच ऐकायचं नसतं त्यांचा तो हक्कही तुम्ही राखता. निर्णय मात्र तुम्ही आमच्यावर सोडत नाही, तो रुग्णाला विचारून होतो.

थर्मामीटरबद्दल तुमचे किती आभार मानावेत! केमो म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या वेळी संसर्ग झाला तरी पू धरत नाही, सूजही फारशी दिसत नाही. कधीकधी ताप हीच एकुलती खूण असते. म्हणून ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट, दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करायचा. सकाळची वाट पाहायची नाही. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘बघू उतरतो का’ असंही करायचं नाही, कारण ताप उतरतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. ताप नसताना हुडहुडी भरली, तरीही फोन. तो नंबर तुम्ही स्वतःच्या हातानं वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवता.

तोंड आलेल्या माणसाला कसं सांभाळायचं हे तर कुणी सांगतच नाही. एक लिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा. एवढंच. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना घोटभर तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं. उरलेलं रोज ओतून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी नवं करायचं. बाजारातली तिखट चवीची अल्कोहोलवाली माउथवॉश नकोत, ती जखमेवर झोंबतात आणि तोंड अजून कोरडं पाडतात. तुम्ही टॉर्च लावून जिभेखाली आणि गालांच्या आतून बघता आणि पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं, हे दाखवून देता. खाणं बंद पडण्याचं कारण अनेकदा भूक नसणं हे नसतं. कारण या तोंडात दडलेलं असतं, आणि आम्ही मात्र ‘चार घास तरी खा’ म्हणून मागे लागलेले असतो.

केमोनंतर ४८ तास लघवी, शौच, उलटी यांत औषधाचा अंश असतो. ते साफ करताना हातमोजे घालायचे, झाकण लावून दोनदा फ्लश करायचं. हे सांगताना तुम्ही न विसरता जोडता की मिठी मारायला, शेजारी बसायला, एका खोलीत झोपायला काहीही हरकत नाही. नातवंडांना दाराबाहेर उभं करून ठेवणारी घरं हे ऐकून मोकळी होतात.

मॉर्फिनचं नाव निघालं की खोलीत शांतता पसरते, कारण सगळ्यांच्या मनात मॉर्फिन म्हणजे शेवट. तुम्ही घाई करत नाही. दुखण्यासाठी, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, घड्याळाच्या काट्यावर घेतलेलं मॉर्फिन माणसाला उठून बसवतं आणि बोलतं करतं, हे समजावता. दुखायला लागल्यावर गोळी द्यायची म्हटलं की दुखणं नेहमी पुढे आणि गोळी मागे. ज्या दिवशी मॉर्फिन सुरू त्याच दिवशी बद्धकोष्ठाचं औषधही सुरू, कारण सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुधा थोड्या दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. नुसत्या त्या त्रासापायी लोक गोळी बंद करून टाकतात. लांब काळ चालणारी गोळी गिळवत नाही म्हणून कुटून देणं ही तर सर्वांत धोक्याची चूक. तासन्‌तास हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगात जातं. माणूस हाक मारूनही नीट जागं होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर ताबडतोब फोन.

पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकणं, हा गैरसमज तर आम्ही सगळेच घेऊन बसलेले असतो. पसरलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेले रुग्ण त्यात अधिक बऱ्या स्थितीत राहिले, कमी खचले आणि सरासरी जास्त जगलेही. म्हणून तुम्हाला शेवटी बोलावण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात बोलवावं.

आता श्रद्धेबद्दल. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर. माणसाचं दुखणं शरीराचं, मनाचं, नात्या-संसाराचं आणि आत्म्याचं मिळून एकच असतं, असं त्यांचं म्हणणं. त्याला त्या ‘टोटल पेन’ म्हणत. तुमच्याकडे पाहून ते पटतं. रात्री गोळी देऊनही जे दुखणं थांबत नाही ते कधीकधी ‘माझं काय चुकलं म्हणून देवानं हे दिलं?’ या प्रश्नाचं असतं. आमच्या तोंडून लगेच येतं, ‘असं बोलू नको, तू काही केलेलं नाहीस.’ बोलणं तिथेच बंद होतं. तुम्ही खुर्ची जवळ ओढता, हात हातात घेता आणि विचारता, ‘तुम्हाला काय वाटतं?’ मग गप्प बसता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुठलं तरी जुनं भांडण बाहेर येतं, न मागितलेली माफी बाहेर येते, आणि कुणाला फोन लावायचा ते घरच्यांना कळतं. नंतर साध्या शब्दांत सांगता की पेशींच्या जनुकांत बदल साचत जाऊन कॅन्सर होतो, त्यात वाढत्या वयाचा आणि निव्वळ योगायोगाचाही वाटा असतो. ही शिक्षा नव्हे.

‘श्रद्धा ठेव, बरं होशील’ हे वाक्य तुम्ही आम्हाला हळूच सोडायला लावलंत. आजार वाढला तर त्या माणसाला वाटतं, माझीच श्रद्धा कमी पडली. कॅन्सर आहेच, वर हे ओझं. त्याऐवजी ‘तुझ्यासाठी प्रार्थना करू का, आणि इथे बसून केलेली चालेल का?’ असं विचारायचं. हो म्हटलं तर पाच मिनिटं, हळू आवाजात. थकलेल्या माणसाला ऐकण्याचाही शीण होतो. ज्याला आता प्रार्थनाच करवत नाही, देवावर राग आहे, त्यालाही तुम्ही ‘आज तुमच्या वतीनं घरचे करतील’ म्हणून मोकळं करता. कुणी म्हणालं, ‘देव बरं करणारच आहे,’ तर तुम्ही वाद घालत नाही. विचारता, ‘आणि तोवर आपण काय काय सोपं करून ठेवूया?’ त्या एका प्रश्नानं औषध आणि देव एकाच खोलीत नांदायला लागतात.

पण जिथे ठाम राहायचं तिथे तुम्ही राहता. उपास करायचा तर घरच्यांनी करावा, रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कुणी कितीही विश्वासानं आणून दिलेली पूड किंवा रस असो, आधी डॉक्टरांना दाखवायचा, कारण काही वनस्पतींनी केमोच्या औषधांचा परिणाम वाढतो किंवा घटतो. आणि नवस बोलला म्हणून केमोची तारीख पुढे ढकलायची नाही.

घरातल्या माणसांकडेही तुमचं लक्ष असतं. रोज उशाशी बसणाऱ्या मुलीला लांबून चार दिवसांसाठी आलेला भाऊ ‘अजून मोठ्या डॉक्टरांना का दाखवलं नाही?’ म्हणून विचारतो तेव्हा ठिणगी पडते. तुम्ही त्याच्या हातात वही देता आणि त्याच रात्रीची पाळी लावून देता. सकाळी त्याचा सूर वेगळा असतो. उशाशी बसणाऱ्यानं आठवड्यात किमान दोन रात्री सलग झोपायचं, हे तुम्ही औषधासारखंच वहीत लिहिता. आलेल्या प्रत्येकाला ‘काही लागलं तर सांगा’वर सोडत नाही, गुरुवारी रक्त तपासायला कोण नेणार, कपडे कोण धुणार, दुपारी दोन तास कोण बसणार, असं नाव घालून वाटून देता.

आणि जिथे आजार हटला नाही, तिथे शेवटच्या दिवसांत खाणं थांबतं तेव्हा ‘उपाशी ठेवताय का त्यांना?’ हा आरोप आमचा आमच्यावरच असतो. तुम्ही सांगता की शरीर मिटत चाललं आहे म्हणून भूक गेली आहे. बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मग मऊ स्पंज पाण्यात बुडवून, पिळून, ओठांवरून कसा फिरवायचा ते दाखवता आणि तो स्पंज मुलाच्या हातात देता. धाप लागली तर डोकं उंच करून हातातला छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरायला सांगता. त्यांना ऐकू येत असेल असं धरूनच बोला, म्हणता. मुलगा मग बोलतो, कधी नव्हे ते.

माणूस गेल्यावर काही आठवड्यांनी तुम्ही पुन्हा येता. तेव्हा पिशवीत औषधं नसतात. उरलेलं मॉर्फिन मोजून परत घेता, वहीत नोंद करता, आणि जी रात्र-रात्र जागली तिलाच विचारता, ‘आता झोप लागते का?’ तिच्या उत्तरासाठी थांबता. त्या थांबण्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

तुमच्या ऋणात,
आजारी आई-वडिलांच्या घरची माणसं