सिस्टर, तुम्ही विरजण मागायला आलात त्या दिवसापासून

प्रिय सिस्टर,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेले असते तर तुम्ही मला बोलूच दिलं नसतंत. म्हणून हे पत्र चार लोकांत, सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वीचा तो मे महिना. सासूबाई फेब्रुवारीत गेल्या, लेक एप्रिलमध्ये नोकरीसाठी बंगळुरूला गेली. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं अकरा वर्षं मी केलं होतं. त्या गेल्यावरही पहाटे पाचला जाग यायचीच, पण उठून करायचं काय ते कळायचं नाही. रात्री अंगातून वाफा निघायच्या, गाऊन भिजायचा, छातीत धडधडायचं. एका दवाखान्यात दाखवलं, तर ‘या वयात होणारच, मन रमवा’ एवढं ऐकून परत आले. कशात रमवू, हे विचारायचीही ताकद नव्हती.

तुम्ही विरजणाची वाटी घेऊन दारात उभ्या होतात. माझ्याकडे पाहिलंत, वाटी ओट्यावर ठेवलीत आणि विचारलंत, “शेवटची पाळी कधी आली होती?” इतकं सरळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, माझ्या आईनेही नाही. ओट्याला टेकून तुम्ही सगळं सांगितलंत. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी अंगावर काढायचं नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी होतं, त्यानेच या वाफा आणि झोपमोड. पाळी जाण्याच्या सुमाराची ही वर्षं हाडांनाही जड, तेव्हा झीज भराभर होते, म्हणून चालायचं, चढायचं, नाचणी-तीळ पोटात जाऊ द्यायचे. धडधडीचं खापर वयावर फोडून गप्प बसायचं नाही म्हणालात, आणि थायरॉइड नि हिमोग्लोबिन तपासायला स्वतः बरोबर आलात. “तू वेडी झालेली नाहीस गं,” असंही म्हणालात. त्या वाक्यावर मी किती रडले ते तुम्ही पाहिलं आहे.

मग पर्वती. पहाटे सहा. पहिल्या दिवशी मी चाळिसाव्या पायरीला बसले. तुम्ही माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, तरी पुढे गेला नाहीत, शेजारी बसून राहिलात. १०३ पायऱ्या न थांबता चढले ती दिवाळीच्या आदल्या आठवड्यात.

पण माझं खरं दुखणं तुम्ही ओळखलंत ते वर, देवळाच्या कट्ट्यावर. मी म्हणाले होते, आता माझी कुणाला गरज नाही. बहुतेकांनी यावर समजूत घातली असती. तुम्ही मला काम दिलंत. “तुझं अक्षर चांगलं आहे. खालच्या वस्तीतल्या एकीला वाचायला शिकायचंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार.” पन्नाशीनंतर मला काय जमणार, असं मी पुटपुटले. तेव्हा तुम्ही रमाबाई रानड्यांचं सांगितलंत. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, न्यायमूर्तींनी शिकवलं. १९०१ मध्ये ते गेले. १९०९ मध्ये पुण्यात बायकांच्या शिक्षणासाठी सेवासदन उभं राहिलं, तेव्हा रमाबाई ४७ वर्षांच्या होत्या. तुमच्या बालविधवा आत्या तिथेच शिकून नर्स झाल्या आणि त्यांच्याकडे बघून तुम्ही या पेशात आलात, हे सांगताना तुमचा आवाज जरा कापला होता.

ती पहिल्या दिवशी आली तेव्हा मी ‘अ’ची तयारी करून बसले होते. तिला ‘अ’ नको होता. धनकवडीत चार घरची कामं करते, रोज बसने जाते, आणि बसच्या कपाळावरची अक्षरं सरकत असतात. ती लावायच्या आत बस निघते. दर वेळी कुणाला तरी विचारायचं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी त्याची लाज वाटायची. मग आम्ही ‘कात्रज’पासून सुरुवात केली. मधला ‘त्र’ तिला काही केल्या वळेना. मी पाटीवर ‘त’ काढला, त्याला ‘र’ कसा चिकटतो ते दाखवलं. ती बोटाने पुनःपुन्हा गिरवत राहिली, भांड्याच्या पावडरीने तडकलेलं ते बोट खडू लागून पांढरट झालं होतं. मग ‘स्वारगेट’, मग ‘धनकवडी’. एका शनिवारी दारातूनच ओरडत आली, “बाई, आज मी दुसऱ्या एका आजींना बस सांगितली!”

बाई. वहिनी, सूनबाई, आई या हाका आयुष्यभर ऐकल्या. शिकवणाऱ्या बाई म्हणून कुणी पहिल्यांदाच हाक मारली.

आता आम्ही सहाजणी आहोत. तिसऱ्या मजल्यावरची नवी आई बाळाला मांडीवर घेऊन येते, तिला शिकायचं काही नसतं, माणसांत बसायचं असतं. बाळंतपणानंतर ती दिवसदिवस रडायची, तेव्हा ‘हिला नजर लागली’ म्हणणाऱ्या तिच्या सासूबाईंना तुम्ही समजावलंत आणि तिला डॉक्टरांकडे नेलंत. त्याच सासूबाई आता वर्गाला चहा पाठवतात. यंदा नवरात्रात आमच्या गच्चीवर भोंडलाही झाला. पाटावरचा हत्ती तिनेच काढला, कात्रजवालीने.

सिस्टर, गुडघ्याच्या ऑपरेशनची काळजी करू नका. टाके काढायला मी बरोबर येणार आहे. सहा आठवडे दुपारचा डबा आमच्याकडून, नाही म्हणायचं नाही. पर्वतीवर मी रोज जाते आणि तुमच्या वाटचा नमस्कारही करून येते.

सोबत वहीचं एक पान पाठवते आहे. तुमच्यासाठी तिने स्वतः लिहिलं आहे, मी शेजारी बसले होते पण एक शब्द सांगितला नाही. ‘गुडघा’ लिहिताना तिचा ‘घ’ ‘ध’ झाला आहे. तो मी दुरुस्त केलेला नाही.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची