हाडांच्या वॉर्डातल्या मावशी-मामांना

प्रिय मावशी आणि मामा,

डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांचा पुडा सर्जनच्या हातात पडतो. पडू दे, त्यांनी काम केलेलंच असतं. पण ऐंशीच्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं, तर ऑपरेशन तास-दीड तासाचं आणि बाकीचे दिवस-रात्र तुमच्याकडे. पुण्यातल्या लहानमोठ्या सगळ्या रुग्णालयांतल्या तुम्हा आया-वॉर्डबॉय मंडळींना हे पत्र आम्ही भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन लिहितोय.

ब्रिटनमध्ये असं ऑपरेशन दाखल झाल्यापासून ३६ तासांत व्हावं, असा दंडक आहे. आपल्याकडे इको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायचा असतो, पैशांची जुळवाजुळव चालू असते, मुलगा अमेरिकेहून निघालेला असतो. दोन-तीन दिवस सहज जातात. हा वेळ सगळ्यात वाईट, कारण दुखतं म्हणून पेशंट हलत नाही आणि हलत नाही म्हणून टाचा, माकडहाड, छाती सगळंच बिघडायला लागतं. पाय ताणून धरायला ट्रॅक्शनचं वजन लावलेलं असलं की टाच गादीत रुतून बसते. तिथली लाली अंगठ्याने दाबून सोडली आणि जागा क्षणभरही पांढरी पडली नाही, तर कातडीला आतून इजा व्हायला लागली आहे हे तुम्हाला कळतं. मग तुम्ही पोटरीखाली लांबट घडी सरकवता, टाच अधांतरी राहते. टाचेखालीच उशी देणारे हुशार लोक आम्ही पुष्कळ पाहतो. दर २ तासांनी कूस बदलायची, दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, मागे पाठीला टेकण द्यायचं. कागदावर ही एक ओळ असते आणि रात्री तीन वाजता ती तुम्ही पाळता.

मामा, तुमचा एक प्रश्न आम्हाला फार आवडतो: ‘जांघेतलं इंजेक्शन झालं का?’ नसा बधिर करणाऱ्या त्या इंजेक्शनमध्ये, म्हणजे ब्लॉकमध्ये, ०.२५ टक्के ब्युपिवाकेन या बधिरीच्या औषधाचे साधारण ३० मिली जातात. आजी ४० किलोच्या असतील तर याहून फारसं जास्त देता येत नाही. औषध पसरायला २० ते ३० मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला ट्रॉलीवर घेतलं तर ब्लॉक दिला काय, न दिला काय. तुम्ही थांबता, म्हणून पुढे पाठीत भूल देताना आजींना कुशीवर वळवता येतं आणि त्या ओरडत नाहीत.

मावशी, उपाशी ठेवण्याबद्दलही तुमचेच आभार. सकाळची केस दुपारवर ढकलली जाते आणि आजी रात्री नऊपासून कोरड्या असतात. जेवण ६ तास आधी बंद, पण साधं पाणी भुलेच्या २ तास आधीपर्यंत चालतं. दूध, दुधाचा चहा मात्र पाण्यात मोजायचा नाही. ‘केस पुढे गेली, आजींना पाणी देऊ का?’ असं तुम्ही विचारलं नाही, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कोरड्या पडलेल्या म्हाताऱ्या शरीराचं बीपी पाठीतली भूल देताच धाडकन उतरतं. सांध्याचा कृत्रिम गोळा बसवताना तो हाडात पक्का करायला सिमेंट वापरलं, तर त्या वेळी ते पुन्हा उतरू शकतं. एवढा धोका दोन घोट पाण्याने थोडा का होईना, कमी होतो.

ऑपरेशननंतरच्या भ्रमाचं काय सांगावं! आजोबा नळ्या उपटायला लागले की अख्खा वॉर्ड धावतो. आजी गप्प पडून राहिल्या की नातेवाईक म्हणतात, ‘छान विश्रांती घेतायत.’ तुम्ही येऊन सांगता, ‘आज ताटाकडे बघत नाहीत, नातवाला ओळखलं नाही.’ हाही भ्रमच, आणि जास्त फसवा. मग आम्ही ऑक्सिजन, सोडियम, जंतुसंसर्ग बघतो, ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं औषध चालू आहे का तपासतो. पुष्कळदा उत्तर तुमच्याकडेच असतं: डायपर थेंब-थेंब ओलं होतंय, ओटीपोट मात्र टरटरलंय. म्हणजे लघवी तुंबून वरून सांडतेय. नाहीतर चार दिवसांत पोट साफ नाही. चष्मा, कानाचं मशीन, कवळी हे सगळं कपाटात गेलेलं असतं, ते तुम्ही काढून देता. झोपेच्या गोळीपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

दुसऱ्या दिवशी उभं करताना घरच्यांशी तुमचीच हुज्जत होते. ‘सहा आठवडे पाय टेकवायचा नाही’ हे शेजारच्या काकांनी सांगितलेलं असतं. रॉड किंवा गोळा बसवतात तोच मुळी बहुतेकांना लगेच पूर्ण वजन टाकता यावं म्हणून. आधी पाच मिनिटं पाय खाली सोडून बसवायचं, चक्कर येते का विचारायचं, मग वॉकर. त्याची मूठ हात सैल सोडल्यावर मनगटाशी यावी. मोजे घालून चालवायचं नाही, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. आणि पेज भरवायची ती ताठ बसवूनच, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. मायेपोटी झोपवून भरवलेले दोन चमचे फुप्फुसात गेले की न्यूमोनिया ठरलेला.

आभाराच्या पत्रात मागणी बरी दिसत नाही, तरी करतो. ‘आजी आज बऱ्या दिसत नाहीत’ एवढंच वाटलं, तरी सिस्टरना सांगत जा; निदान करणं आमचं काम आहे. आणि टेबलावर घेताना काखेत हात घालून एकट्याने ओढू नका, आडव्या चादरीने चौघांनी उचला. चौघं नसतील तर केस थांबवा आणि आम्हाला हाक मारा, आम्हालाही चादरीचं टोक धरता येतं.

तुमचे ऋणी,
पुण्यातले काही भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन