बाबा, गाडी टू-व्हील ड्राइव्हच घेतली

डेन्व्हर

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं, तुला योग्य वाटेल ते कर" एवढंच म्हणतात आणि मग रात्री आईचा हळू आवाजात फोन येतो, की ते नीट जेवले नाहीत. म्हणून लिहितेय. बाबांनी चष्मा लावून सावकाश वाचायचं, आईला मोठ्यांदा वाचून दाखवायचं, मग हवं तेवढं रागवायचं.

तुम्ही आलात की आपण कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन फिरायला निघणार, त्यासाठी गाडी घेतली. फोर्डचा पिकअप, एफ-150, टू-व्हील ड्राइव्ह, मागची दोन चाकं ओढणारी. कागदांवर सह्या झाल्या, त्यामुळे आता बदल नाही.

बाबा, तुम्ही "फोर-बाय-फोरच घे, चारही चाकं ओढणारी, वरचे पैसे मी देतो" म्हणालात, त्यानंतर मला पुढचं काही बोलवेना. ती एफडी कशासाठी ठेवलीय ते मला माहीत आहे. तिला हात लावायचा नाही. पण मी काटकसर म्हणून नको म्हटलं असं तुमच्या मनात राहायला नको, म्हणून सगळं सांगते.

आधी वजनाचं. इथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून गाडी किती पेलेल ते त्यावर लिहिलेलं असतं. जाहिरातीत "इतके टन ओढते" हे मोठ्या अक्षरांत छापतात, पण ती मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी स्टिकरवरची संपते. आपला कॅम्पर भरल्यावर साधारण 2,270 किलोचा होईल. त्यातलं 10 ते 15 टक्के वजन जोडणीच्या जागी गाडीवर यायला हवं, नाहीतर कॅम्पर मागे झुलायला लागतो. मधला आकडा धरला तर 290 किलो तिथेच गेले. हिच, म्हणजे कॅम्पर अडकवायची जोडणी, तिचं लोखंड 45. आपण पाच जण, ड्रायव्हर धरून, 310. मागच्या हौद्यात सामान 90. बेरीज 735. आम्ही बघितलेल्या फोर-बाय-फोरच्या स्टिकरवर, पौंडांचे किलो केल्यावर, 740 येत होते. मी घेतलेल्या गाडीच्या स्टिकरवर 840. फोर-बाय-फोरचा पुढचा ॲक्सल, ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारी पेटी), पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळं लोखंड शेवटी आपल्याच वाट्याच्या वजनातून कापलं जातं. पाच किलोच्या फरकावर तुम्हा दोघांना मागे बसवून निघायची माझी तयारी नव्हती. तुम्ही तरी केली असती का?

आता चढाचं. दोन्ही गाड्यांना इंजिन एकच, गिअरबॉक्स तीच. चढावर ओढतं ते इंजिन आणि मागच्या ॲक्सलचा रेशो. कोरड्या डांबरावर फोर-हाय, म्हणजे चारही चाकं ओढायला लावणं, करायचंच नसतं. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो. टेल्कोत आयुष्य काढलेल्या माणसाला हे मी काय सांगणार! म्हणजे उन्हाळ्यातल्या घाटात फोर-बाय-फोरही टू-व्हीलच असते. तुमची 407 मागच्याच चाकांवर वरंधा चढायची, तीही कशी भरलेली असायची ते भोरचे काका अजून सांगतात. शिवाय कॅम्परचं वजन मागच्या चाकांवर बसतं, त्यामुळे पकड वाढते. पुढचं टोक हलकं होऊ नये म्हणून वजन पुढच्या ॲक्सलकडे वाटणारं हिच घेतलंय.

इंजिन टर्बो आहे. साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं आणि आमचं डेन्व्हरच 5,280 फुटांवर आहे. टर्बोला तो फरक फारसा जाणवत नाही. पैसे घालायचे तर इथे घालावेत असं मला वाटलं.

आणि खरी भीती उताराची, नाही का? तिथे चार चाकं ओढतात की दोन, याने ब्रेकना काही फरक पडत नाही. ब्रेक चारही चाकांना आहेतच. कॅम्परला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत आणि त्यांचा कंट्रोलर डॅशबोर्डवर, हाताशी. वाचलेल्या पैशातून कॅम्परची चारही टायर नवी घातली. टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची सेटिंग, लावला की गाडी उतारावर खालचा गिअर धरून ठेवते.

तुमचं म्हणणं जिथे खरं आहे तेही लिहिते. ओलं गवत, चिखल, वाळू, बर्फ, तिथे फोर-बाय-फोरला तोड नाही. कॅम्पर घेऊन ओल्या उतारावर रिव्हर्स करायचं असेल तर दोन चाकं जागच्या जागी फिरत बसतील. म्हणून आपण सगळीकडे खडी किंवा काँक्रीटची जागाच बुक केलीय. मागच्या ॲक्सलला लॉकिंग डिफरन्शियल आहे, म्हणजे गरज पडली तर दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, चाकाखाली सरकवायच्या फळ्या हौद्यात असतील. आय-70 या हायवेच्या डोंगरी भागातला टायर आणि साखळ्यांचा नियम 1 सप्टेंबर ते 31 मे असतो. आपण निघणार जूनच्या शेवटी. बर्फात कॅम्पर बाहेर निघणारच नाही, रोजची छोटी गाडी आहे. हो, कोलोरॅडोत टू-व्हील विकताना भाव कमी येतो. येऊ दे.

रस्ताही त्याच हिशोबाने ठरवलाय, आणि बाबा, हे थोडं मनाविरुद्ध वाटेल. ट्रेल रिज रोड या इथल्या उंच डोंगरी रस्त्याला जायचं नाही. तो 12,183 फुटांपर्यंत चढतो आणि गेल्या वर्षीचे दोन स्टेंट मी विसरलेले नाही. आय-70 चा बोगदाही 11,000 फुटांच्या वर आहे, तोही नको. डेन्व्हरच महाबळेश्वरपेक्षा उंच आहे, म्हणून आधी घरी नुसता आराम, मग उत्तरेला शायेनवरून साउथ डकोटात ब्लॅक हिल्स. डोंगरात अमेरिकेच्या अध्यक्षांचे चेहरे कोरलेलं माउंट रशमोर बघायचं. तिथला एकेक चेहरा 60 फूट उंच आहे. कस्टर पार्कमध्ये बायसनचे कळप रस्त्यावर येऊन उभे राहतात. आई, तुला ते गाडीत बसूनच दिसतील.

आई, आता तुझं. या गाडीची पायरी फोर-बाय-फोरपेक्षा दीड-दोन इंच खाली आहे, मी टेप लावून मोजली. त्यावर आणखी फूटबोर्ड आणि धरायला दांडी बसवलीय. गुडघा वाकवून चढावं लागणार नाही. बाकी सगळी कारणं मिळून एक, आणि हे एक. कॅम्परमध्ये कमोड आहे, गरम पाणी आहे, तुमचा पलंग खालीच आहे, शिडी नाही. रात्री थंडी वाजली तर हीटर. गॅसच्या शेगडीवर आपला तीन लिटरचा कुकर बसतो, मी बसवून पाहिला. सकाळी सहाला आल्याचा चहा मिळेल. देवांसाठी खिडकीजवळची फळी मोकळी ठेवलीय.

कॅम्परमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मला कोकणात जातानाची ती मेटॅडोर आठवली. मी आईच्या मांडीवर, पायाशी निळी पिशवी, आणि प्रत्येक वळणानंतर बाबा मागे वळून "झोपली का गं?" विचारायचे. मी जागीच असायचे. तुम्ही पुन्हा विचारावं म्हणून डोळे मिटून पडायचे. या वेळी तुम्ही मागे झोपा, मी विचारेन.

बाबा, स्टिअरिंग माझ्याकडे आणि जावयांकडे राहील. कॅम्पर मागे असताना तुमच्या हातात नको, यावर वाद नको. तुम्ही चालवू शकत नाही म्हणून नव्हे हं. इथल्या उजव्या बाजूच्या रस्त्यांवर तुमचा बीपी वाढू नये म्हणून. पण कॅम्पर मागे घेताना बाहेर उभं राहून हात दाखवायचं काम तुमचंच. तुमच्याइतकं ते कोणाला येत नाही, आणि जावयांच्या "अजून, अजून" वर माझा भरवसा नाही.

आता मुकाट्याने ऐकायचं. निघण्याआधी डॉक्टरांना भेटून स्ट्रेस टेस्टचं विचारायचं आणि उंचीवर जाण्याबद्दल त्यांचं पत्र घ्यायचं. औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, प्रिस्क्रिप्शनसह. सामानात टाकायची नाहीत. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायची, दोघांनी. "मी पर्वती चढतो" हे उत्तर चालणार नाही. पर्वती चढा, पण एका दमात नको, आणि रिकाम्या पोटी तर नकोच. विमानात दर दोन तासांनी उठून चालायचं, पाणी प्यायचं. आई, गोडा मसाला आण, लोणचं कमी आण, आंबे अजिबात नाहीत. मुंबईपर्यंत टॅक्सी दिवसाची, रात्रीची नाही. पैसे मी इथून भरलेत.

तुमच्या नातीने कॅम्परमधल्या एका कपाटावर "आजी-आजोबा" अशी चिठ्ठी चिकटवलीय आणि ते कोणाला उघडू देत नाही.

बाबा, टायरमधल्या हवेबद्दल तुमचं मत हवंय. कॅम्परच्या टायरवर कमाल दाबाचा आकडा छापलाय, इथले लोक तेवढी भरा म्हणतात. मी थंड टायर असताना तेवढीच भरलीय. फोटो पाठवते, बघून सांगा.

तुमची,
मनी

ता. क. आई, ते नीट जेवले का ते कळव.