जपानची किनारी पायवाट

महोदय,

जपानच्या पर्यटनावर मराठीत प्रसिद्ध होणारे लेखन बहुधा टोकियो, क्योटो आणि फुजी पर्वत यांपलीकडे जात नाही. त्यामुळे ईशान्य किनाऱ्यावरील ‘मिचिनोकु कोस्टल ट्रेल’ या सुमारे 1000 किलोमीटरच्या पायवाटेकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. आओमोरी प्रांतातील हाचिनोहे येथून निघून इवाते आणि मियागी प्रांतांतून फुकुशिमातील सोमापर्यंत जाणारी ही वाट मार्च 2011 च्या भूकंप व त्सुनामीनंतरच्या पुनर्उभारणीचा भाग म्हणून जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने आखली आणि 2019 मध्ये ती संपूर्ण खुली झाली.

तानोहाता गावाजवळ कितायामाझाकीचे सुमारे 200 मीटर उंचीचे कडे आहेत. तेथे वाट पाइनच्या जंगलातून उतरत समुद्रालगतच्या, हाताने खोदलेल्या अंधाऱ्या बोगद्यांत शिरते. (विजेरी जवळ हवीच, शिवाय जंगलात अस्वले असल्याने घंटाही.) मात्र माझ्या मते या वाटेचे खरे मोल निसर्गदृश्यांपेक्षा तिने जपलेल्या स्मृतीत अधिक आहे. मियाको शहराच्या हद्दीतील आनेयोशी या वस्तीत 1933 च्या त्सुनामीनंतर उभारलेला शिलालेख ‘या जागेच्या खाली घरे बांधू नका’ असे बजावतो, आणि ते पाळल्यामुळेच 2011 मध्ये वरची घरे वाचली. केवळ छायाचित्रांसाठी धावणाऱ्या सहलींऐवजी, मासेमारी गावांत मुक्काम करत या वाटेचा एखादा टप्पा तरी पायी करण्याचा विचार जपानला जाणाऱ्यांनी अवश्य करावा.

आपला,
एक वाचक